काउंट एबरहार्डचं वाटणीपत्र

घरातली वडीलधारी माणसं थकली, की वाटणीचा विषय कधी ना कधी निघतोच. जमीन कुणाला, दागिने कुणाला, देव्हारा कुणाकडे जाणार, आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही पण घरात आहे, ती कुणी घ्यायची. आज मी ज्या वाटणीविषयी बोलणार आहे ती साडेअकराशे वर्षांहून जुनी आहे. ती करणाऱ्या गृहस्थाचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. युरोपातसुद्धा इतिहासाचे अभ्यासक सोडले तर फारसं कुणी ऐकलेलं नाही. त्याचं नाव एबरहार्ड, फ्रिउलीचा काउंट.

फ्रिउली हा इटलीचा ईशान्य कोपरा. आज तिथं उदिने हे मोठं शहर आहे, आणि पलीकडं स्लोव्हेनियाची हद्द लागते. नवव्या शतकात हा फ्रँक लोकांच्या साम्राज्याचा सीमाप्रांत होता. शार्लमेन या सम्राटाला ८०० मध्ये रोममध्ये पोपनं मुकुट घातला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्याचा मुलगा लुई, ज्याला इतिहासात ‘धर्मशील’ असं बिरुद लागलं आहे, आणि लुईची मुलगी गिझेला. या गिझेलाशी एबरहार्डचं लग्न झालं, साधारण ८३६ च्या सुमारास. म्हणजे आपला काउंट हा सम्राटाचा जावई.

काउंट म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करायला हवं. कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून आपल्या डोळ्यांपुढं किल्ल्यात राहणारा वंशपरंपरागत सरदार उभा राहतो. त्या काळचा काउंट तसा नव्हता. तो राजानं नेमलेला अंमलदार होता. एका मुलखात न्याय द्यायचा, कर आणि दंड गोळा करायचे, लढाईची वेळ आली की माणसं घेऊन हजर व्हायचं, ही त्याची कामं. अधिकार राजाचा, आणि राजाच्या मनात आलं तर तो काढूनही घेता येई. त्यामुळं एबरहार्डला आपल्या मुलांच्या नावानं फ्रिउली लिहून देता येत नव्हतं. ते त्याचं नव्हतंच. त्याचं होतं ते वेगळं: बापाकडून आलेल्या आणि बायकोबरोबर आलेल्या जमिनी, हत्यारं, कपडे, भांडी, घरच्या प्रार्थनागृहातल्या वस्तू, आणि पुस्तकं.

अंमलदार म्हणून तो कर्तबगार असावा. बेर्गामोच्या आंद्रेयास या इतिवृत्तकारानं लिहून ठेवलं आहे, की स्लाव टोळ्यांच्या हल्ल्यांनी लोंबार्ड लोक पार थकून गेले होते, आणि सम्राटानं एबरहार्डला फ्रिउलीवर नेमलं तेव्हा कुठं ते थांबलं. पण केवळ तलवारबहाद्दर असता तर आज त्याच्याविषयी बोलण्याचं कारण पडलं नसतं. सेडुलियस नावाच्या आयरिश कवीनं त्याच्यावर लॅटिन कविता केल्या. गॉटशाल्क नावाचा एक भटका संन्यासी ८४० नंतरच्या वर्षांत त्याच्याकडं येऊन राहिला होता. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवानं आधीच ठरवलेलं आहे, असं हा गॉटशाल्क सांगे. जर्मनीतल्या हराबानुस माउरुस या विद्वान धर्मगुरूला हे कळलं, तेव्हा त्यानं काउंटला पत्र पाठवून सावध केलं. पुढं गॉटशाल्कला तिथून निघावं लागलं, धर्मसभेनं त्याला दोषी ठरवलं आणि ८४९ मध्ये फटके मारून एका मठात कोंडलं. सरहद्दीवरच्या एका लष्करी अंमलदाराच्या घरी असा वाद येऊन पोचतो, यावरून त्या घरात काय बोललं जात असेल याची कल्पना येते.

आता त्याच्या सासरचं पाहू, कारण वाटणीपत्राचं मूळ तिथं आहे.

सासरे लुई यांनी ८१७ मध्येच, म्हणजे स्वतः धडधाकट असताना, साम्राज्याची वाटणी ठरवून टाकली होती. थोरला लोथार सम्राट होणार, धाकट्या दोघांना छोटी राज्यं मिळणार आणि त्यांनी थोरल्याच्या हाताखाली राहायचं. कागद चांगला होता. पण लुईची पहिली बायको वारली, त्यांनी दुसरं लग्न केलं आणि ८२३ मध्ये चार्ल्सचा जन्म झाला. नव्या राणीच्या मुलालाही वाटा हवा. मग आधीच्या वाटण्या मोडून पुन्हा वाटणी, मग पुन्हा. मोठी मुलं बिथरली. ८३३ मध्ये आल्सासमधल्या कोलमार गावाजवळ बाप आणि मुलं फौजा घेऊन समोरासमोर आले, आणि रातोरात बापाची माणसं फुटून मुलांकडे गेली. त्या माळाचं नावच पुढं ‘खोटेपणाचं मैदान’ पडलं. बापाला पदच्युत केलं, पुढल्या वर्षी परत गादीवर आणलं. ८४० मध्ये लुई वारले आणि पुढच्याच वर्षी, २५ जून ८४१ रोजी, फोंतनुआ या गावापाशी सख्खे आणि सावत्र भाऊ एकमेकांवर तुटून पडले. त्या काळच्या माणसांच्या मनावर या कत्तलीचा ओरखडा फार खोल उमटलेला दिसतो.

एबरहार्डची परिस्थिती कशी होती पाहा. तो थोरल्या लोथारचा अंमलदार. त्याची बायको मात्र धाकट्या चार्ल्सची सख्खी बहीण. मेव्हण्यांच्या भांडणात कोणत्याही बाजूला गेलं तरी नातं तुटणारच. ८४२ मध्ये तहाची बोलणी सुरू झाली तेव्हा लोथारच्या बाजूनं जे दूत गेले त्यांत एबरहार्डचं नाव आहे. ८४३ मध्ये व्हर्दंचा तह झाला आणि साम्राज्याचे तीन तुकडे पडले. पश्चिमेचा चार्ल्सला, पूर्वेचा लुईला (हाही लुईच, नावं तीच तीच येतात त्याला इलाज नाही), आणि मधली लांबलचक पट्टी इटलीसकट लोथारला.

या तहानं भाऊ शांत झाले, पण एबरहार्डसारख्या माणसांची पंचाईत झाली. त्याचं पद लोथारच्या राज्यात. बायकोकडून आणि वडिलांकडून आलेल्या जमिनींपैकी मोठा भाग चार्ल्सच्या राज्यात, आजच्या उत्तर फ्रान्समध्ये लील शहराच्या आसपास. काही गावं आजच्या बेल्जियममध्ये. आणखी काही आलेमानिया प्रांतात, म्हणजे पूर्वेकडच्या लुईच्या ताब्यात. एका माणसाची शेतं तीन राजांच्या हद्दीत! तिन्ही राजे आपले मेव्हणे असले तरी त्याचा भरवसा किती, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

या पार्श्वभूमीवर ८६३ किंवा ८६४ मध्ये, इटलीतल्या त्रेविझो मुलखात मुसेस्त्रे नावाच्या आपल्या वाड्यावर, एबरहार्ड आणि गिझेला या दोघांनी मिळून मृत्युपत्र केलं. मूळ चर्मपत्र आता नाही. उत्तर फ्रान्समध्ये सिझ्वां या गावी एबरहार्डनं स्थापलेल्या मठानं त्याचा मजकूर आपल्या दफ्तरात जपला, आणि एकोणिसाव्या शतकात मठाचे कागद छापले गेले त्यांत तोही आहे.

सात वारस होते. चार मुलगे: उन्रोख, बेरेंगार, आदालार्ड आणि रोडुल्फ. तीन मुली: एंगेलट्रूड, युडिथ आणि हाइलविख. आणखी एक मुलगी, आईच्याच नावाची गिझेला, लहानपणीच ब्रेशिया इथल्या मठात दिलेली होती. तिचं नाव वाटणीत नाही.

जमिनीची वाटणी करताना बापानं डोकं चालवलेलं दिसतं. प्रत्येकाला प्रत्येक राज्यातला एकेक तुकडा, अशी ‘समान’ वाटणी त्यानं केली नाही. लोंबार्डीतलं आणि आलेमानियातलं जवळजवळ सगळं थोरल्या उन्रोखला. बेरेंगारला आनाप हे गाव आणि आज बेल्जियममध्ये असलेल्या मुलखातल्या जमिनी. आदालार्डला सिझ्वां आणि भोवतालची गावं. रोडुल्फला आर्त्वा भागातलं व्हित्री आणि आणखी एक ठिकाण. म्हणजे ज्यानं त्यानं शक्यतो एकाच राजाला सांभाळावं, दोन दगडांवर पाय ठेवायची वेळ त्याच्यावर येऊ नये. मुलींनाही जमिनी दिल्या आहेत. त्या मुलांपेक्षा कमी आहेत, पण नावानिशी दिल्या आहेत.

आणि मग ते कलम येतं, ज्यात मला हा माणूस अगदी जवळून दिसतो. उद्या एखाद्या राजानं जबरदस्तीनं यांच्यापैकी कुणाचा वाटा हिरावून घेतला, तर उरलेलं सगळ्या भावंडांनी पुन्हा सारखं वाटून घ्यावं, अशा अर्थाची ती अट आहे. सासऱ्यांनी वाटणी केली होती तेव्हा गृहीत धरलं होतं की मुलं कागद पाळतील. जावयानं गृहीत धरलं की कागद मोडला जाणारच, तर तेव्हा भावांनी काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवू.

यातल्या आनाप गावाबद्दल थोडं सांगायचा मोह आवरत नाही. शार्लमेनच्या काळात, ८१० च्या सुमारास, सरकारी मालमत्तेची एक यादी झाली होती. तिच्यातलं एक ठिकाण हे आनापच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथं उत्तम दगडी बांधणीचा राजवाडा होता, तीन दालनांचा. वरती सज्जे, उबदार ठेवलेल्या अकरा खोल्या, खाली तळघर. आवारात लाकडी घरं सतरा. आणि एवढ्या सगळ्या वैभवात कापडचोपड किती? एका बिछान्याचं सामान, एका मेजाचं कापड आणि एक टॉवेल. राजा आला की बाकीचं बरोबर घेऊन येत असे. आज आनाप हे लीलला लागून असलेल्या एका नव्या नगराचा भाग झालं आहे.

जंगम मालाची यादी वाचताना त्या वाड्यातल्या कोठीत आपण हिंडतो आहोत असं वाटतं. सोन्याच्या मुठीच्या तलवारी, चिलखतं, शिरस्त्राणं, सोन्याच्या जरीचे अंगरखे. मग प्रार्थनागृहातल्या वस्तू: हस्तिदंती पेला, सोन्यानं सजवलेला काचेचा पेला, आणि एका फळाच्या कवचीचा, सोन्याचांदीत मढवलेला पेला. हे सगळं त्या काळच्या सरदाराला शोभेसंच आहे. पण त्यानंतर पुस्तकांची यादी सुरू होते आणि आपण थबकतो. पन्नासच्या आसपास पुस्तकं, त्यांतली बहुतेक नावानिशी, कुणाला कोणतं हे सांगून वाटलेली आहेत.

त्या काळी एक पुस्तक म्हणजे जनावरांची कातडी कमावून केलेल्या पानांवर महिनोन्महिने हातानं लिहिलेली वस्तू. मोठे मठ सोडले तर पन्नास पुस्तकं एका ठिकाणी असणं ही श्रीमंती होती. आणि एबरहार्ड मठाधिपती नव्हता, संसारी माणूस होता.

थोरल्या उन्रोखला बायबल, युद्धशास्त्राचं पुस्तक, प्राण्यांचं पुस्तक, जगाच्या भूगोलाचं पुस्तक आणि कायद्याचा एक मोठा ग्रंथ. हा कायद्याचा ग्रंथ एबरहार्डनं खास लिहवून घेतला होता. लुपुस नावाच्या विद्वानानं तो तयार केला. हा फेरिएरच्या मठाचा पुढं प्रसिद्ध झालेला लुपुस, असं मानतात. त्याची गरज का पडली, ती गोष्ट मोठी मजेची आहे. त्या साम्राज्यात एका मुलखाला एक कायदा, असं नव्हतं. माणूस ज्या जमातीचा, तिचा कायदा त्याला लागू. फ्रिउलीच्या काउंटपुढं एका दिवशी लोंबार्ड शेतकरी, बव्हेरियाचा शिपाई आणि फ्रँक जमीनदार असे तिघे उभे राहिले, तर तिघांचा न्याय तीन कायद्यांनी. जखमेचा दंड, बायकोचा हक्क, साक्षीदार किती, सगळं वेगळं. म्हणून फ्रँक, रिपुआर, लोंबार्ड, आलेमान आणि बव्हेरियन असे पाचही कायदे एकाच बांधणीत. घरात बसून मिरवायचं हे पुस्तक नव्हतं, कचेरीत रोज लागणारं होतं. फ्रिउली लिहून देता येत नसलं तरी फ्रिउलीचा कारभार करायला लागणारं साधन थोरल्याला देता येत होतं. ते त्यानं दिलं.

दुसऱ्या बेरेंगारला संत ऑगस्टिनचा ‘देवाचं नगर’ हा ग्रंथ, रोमच्या पोपांचा इतिहास आणि फ्रँकांचा इतिहास. तिसऱ्याला बायबलवरची भाष्यं आणि ओरोसियसचा जगाचा इतिहास. चौथ्याला प्रार्थनागृहात रोज वापरात असलेली उपासनेची पोथी आणि, कुठून आलं कोण जाणे, चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचं एक वैद्यकीय पुस्तक.

मुलींची पुस्तकं कमी आहेत, पण ती वाचणाऱ्या बायकांची आहेत. थोरलीला प्राचीन तपस्व्यांची चरित्रं आणि अपोलोनियसची गोष्ट, म्हणजे समुद्रप्रवास, चाचे, ताटातूट आणि पुनर्भेट असलेली सरळसरळ अद्भुतरम्य कादंबरी. मधल्या युडिथला लोंबार्ड कायदा, एका काउंटसाठी आल्कुइननं लिहिलेलं सदाचाराचं पुस्तक आणि ऑगस्टिनच्या नावावर असलेलं दारूबाजीविषयीचं पुस्तक. मुलीला हे शेवटचं का दिलं असावं, यावर विद्वानांनी काय म्हटलं असेल ते असो. मला तरी ते जावयासाठी पाठवलं असावं असं वाटतं. धाकटीला मात्र सगळी प्रार्थनेची पुस्तकं.

पण या यादीत माझं लक्ष खिळतं ते स्तोत्रसंग्रहांवर. चार मुलगे, चार स्तोत्रसंग्रह. उन्रोखला ‘आमचा दुहेरी’. बेरेंगारला सोन्याच्या शाईचा. आदालार्डला ‘आम्ही स्वतः वापरत होतो तो’. आणि धाकट्या रोडुल्फला, भाष्यासहित, ‘गिझेला स्वतःसाठी वापरत असे तो’. बाजारभावानं पाहिलं तर सोन्याच्या अक्षरांचा सगळ्यांत महाग. पण आईच्या हातातला, तिच्या बोटांनी पानं मऊ पडलेला, तो शेंडेफळाला. मृत्युपत्राच्या रुक्ष लॅटिनमध्ये एवढी एकच जागा आहे जिथं घर दिसतं.

दोन-तीन वर्षांत, ८६६ च्या सुमारास, एबरहार्ड वारला. त्याचं शव आल्प्स ओलांडून सिझ्वांला नेऊन पुरलं. गिझेलानं मागाहून त्या मठाला आणखी जमिनी दिल्या.

वाटणी टिकली का? भावाभावांत लढाई झाली नाही, एवढं खरं. पण वाटण्या मोडतात त्या भांडणानंच असं नाही, माणसं मरतात. फ्रिउली राजाच्या मर्जीनं उन्रोखकडंच गेलं. आठ-नऊ वर्षांतच तोही वारला आणि सीमाप्रांत बेरेंगारकडे आला. उत्तरेकडची जमीन वाट्याला आलेला दुसरा मुलगा अशा रीतीनं कायमचा इटलीचा झाला. आदालार्डच्या वाट्याचं सिझ्वां रोडुल्फकडे गेलं. तो तिथला मठाधिपती झाला, आरासच्या सें-व्हास्त मठाचाही झाला, आणि ८९२ मध्ये वारला. सिझ्वां त्यानं रेंसच्या धर्मपीठाला देऊन टाकलं होतं. ज्या जमिनीसाठी एवढी कलमं घातली, तिचा मोठा भाग तीस वर्षांत कुटुंबाबाहेर गेला.

बेरेंगारचं काय झालं ते बापाच्या स्वप्नातही आलं नसेल. ८८८ मध्ये शार्लमेनच्या वंशातला सगळ्या साम्राज्यावर राज्य करणारा शेवटचा राजा वारला, आणि इटलीच्या गादीवर कोण, हा प्रश्न आला. बेरेंगारचा हक्क एकच: आई सम्राटाची मुलगी. तेवढ्यावर तो इटलीचा राजा झाला. त्यानंतरची छत्तीस वर्षं तो लढतच होता. स्पोलेटोच्या गुइदोशी लढला. ८९९ मध्ये ब्रेंता नदीवर हंगेरियन घोडेस्वारांनी त्याच्या फौजेचा चुराडा केला. ९०५ मध्ये व्हेरोनात प्रतिस्पर्धी लुई हाती सापडला, तेव्हा त्यानं त्याचे डोळे काढवले. हा लुईही आईकडून शार्लमेनच्या वंशातला, म्हणजे लांबचा भाऊबंदच. मेव्हण्यांच्या भांडणाची दहशत घेतलेल्या बापाचा हा मुलगा.

९१५ मध्ये पोप दहावा जॉन यानं त्याला रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट घातला. ९२३ मध्ये बर्गंडीच्या रुडॉल्फनं त्याचा निर्णायक पराभव केला, आणि ७ एप्रिल ९२४ रोजी व्हेरोनात त्याच्याच माणसांपैकी एकानं त्याचा खून केला. त्या मारेकऱ्याच्या मुलाचा बेरेंगार हा धर्मपिता होता. त्यानंतर ९६२ पर्यंत पश्चिम युरोपात सम्राटच नव्हता.

जमिनी गेल्या, तलवारी गेल्या, गादीही गेली. लुपुसनं केलेल्या कायद्याच्या ग्रंथाची मूळ प्रतही गेली. पण तिच्यावरून केलेल्या नकला दोन ठिकाणी आजही आहेत: एक इटलीत मोदेना इथं, दुसरी जर्मनीत गोथा इथं. मोदेनाच्या प्रतीत कायदे करणाऱ्या राजांची रंगीत चित्रं आहेत. ग्रंथाच्या आरंभीच्या लॅटिन पद्यात, हे सगळं कुणी करवून घेतलं, ते नावानं सांगितलेलं आहे: एबरहार्ड.

सिझ्वांचा मठ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेला. त्याच्या जागेवर आज एक उंच दगडी स्तंभ तेवढा दिसतो, त्याला तिथले लोक ‘फोंतनुआचा पिरॅमिड’ म्हणतात. काउंटाच्या मेव्हण्यांच्या लढाईशी त्याचा काही संबंध नाही. पंधरावा लुई हा फ्रान्सचा राजा १७४४ मध्ये या मठात उतरला होता, आणि १७४५ मध्ये त्यानं दुसऱ्याच एका फोंतनुआत, बेल्जियममधल्या, लढाई जिंकली, तिची ती आठवण आहे.